मारुती 800 प्रोजेक्ट, नोंद 3: पुढच्या डाव्या बाजूची स्प्रिंग निघाली

डावी बाजू पूर्ण उतरली, उजवी बाकी आहे. ही नोंद बोल्ट खोलण्यापेक्षा स्प्रिंग दाबण्याबद्दल जास्त आहे, कारण खरा धोका तिथेच आहे.

या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. जंपर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) आणि स्प्रिंग एकाच खांबावर, आणि दाबलेली स्प्रिंग अडवून धरतो तो जंपरच्या दांड्यावरचा मधला एकच नट. चाक हवेत लोंबतं ठेवलं तरी ती मोकळी होत नाही. समजा स्प्रिंग मिलिमीटरला 2 किलो धरते आणि 100 मिमी दाबलेली आहे. म्हणजे नटावर 200 किलोचा ताण, आणि नट सुटला तर 10 किलोचं वजन 1 मीटरवरून पडावं इतका फटका. म्हणून कॉम्प्रेसरने दाबलेली स्प्रिंग हाताने फिरेपर्यंत मधल्या नटाला पाना लावायचाच नाही, 'जरा ढिला करून ठेवू' म्हणूनही नाही.

गाडी वर घेताना: आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक एका कोपऱ्यातून खचतात. जॅक आणि घोडी (गाडी टेकवायचा स्टँड), दोन्हींखाली 18 मिमी प्लायचा तुकडा घाला. मागच्या चाकांना दगड लावा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, आणि काढलेलं चाक गाडीखाली सरकवून ठेवा.

स्ट्रट खाली नकलला, म्हणजे चाक धरणाऱ्या भागाला, जोडणारे दोन बोल्ट गंजाने धरलेले होते. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत हे ठरलेलंच. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा. सकाळी आधी नट सोडवा, बोल्ट फिरवू नका. स्ट्रट सुटला की नकल बाहेर कलंडते. तिला तारेने बांधून ठेवा, नाहीतर सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा) ओढला जातो आणि ब्रेकच्या होजवर भार येतो. होज स्ट्रटच्या क्लिपमधून आधीच मोकळी करा. वरच्या टॉवरचे (स्ट्रटचं वरचं टोक जिथे बॉडीला बसतं तिथले) नट शेवटी, स्ट्रट खालून हाताने धरून. इथे फक्त बाहेरचे, मधला नव्हे.

आता स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे आट्यांचा दांडा फिरवून स्प्रिंग दाबणारी आकड्यांची (हुकांची) जोडी. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर स्वस्त जोड्या मिळतात, पण घेण्याआधी हे आकडे बघा. पातळ पत्र्याचे आकडे ताणाखाली उघडतात. घडीव लोखंडाचे आणि सेफ्टी पिन असलेले घ्या, आट्यांना ग्रीस लावा. कोरडी आटी कुरकुरते, मग जाम होते, आणि अर्धवट दाबलेली स्प्रिंग ना पुढे जाते ना मागे.

दोन्ही कॉम्प्रेसर बरोबर समोरासमोर, प्रत्येकात जमतील तेवढे वेढे. आलटून पालटून दोन-दोन फेरे, इम्पॅक्ट गन बंद. एक बाजू पुढे गेली की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि आकडा वेढ्यावरून घसरतो. तसं दिसलं तर मागे येऊन दोन्ही समान करा. स्प्रिंगची टोकं माणसांकडे नकोत, चेहरा तिच्या रेषेत नको. स्प्रिंगभोवती जाड दोर गुंडाळलेला असावा.

स्प्रिंग सीटवर (ती टेकते त्या बशीवर) खुळखुळू लागली की थांबा. मधला नट सोडताना दांडा फिरू नये म्हणून त्याच्या टोकावरच धरा. प्लायरने दांडा पकडला की क्रोम खरवडतं आणि त्या ओरखड्याने ऑइल सील जातं.

डाव्या स्प्रिंगच्या तळच्या वेढ्यावर रंग सुटून पापुद्रे आलेले आहेत, रबर पॅडखाली बोटभर रुंदीत. चिखल आणि पाणी तिथेच साचतं आणि स्प्रिंग तुटते ती बहुतेक याच वेढ्यातून. ही स्प्रिंग परत बसणार नाही. एकाच बाजूला नवी लावली तर दोन्ही बाजूंची उंची जमत नाही, म्हणून उजवीही बदलायची.

नवी बसवताना तळच्या वेढ्याचं टोक सीटच्या पायरीला टेकवा, नवा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला पूर्ण घट्ट करा, मगच कॉम्प्रेसर आलटून पालटून सैल करा. गाडी जमिनीवर आली की चाकांची अलाइनमेंट.