मॅडम, जवळ काही ठेवता का?

औषध कंपनीची एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणारी प्रतिनिधी, म्हणून मी नाशिकमध्ये काम करते. मुक्काम नाशिकला, फिरती सिन्नर, निफाड, दिंडोरी, पेठ, हरसूल. डॉक्टरमंडळी ओपीडी आटोपल्यावरच भेटतात, त्यामुळे परतायला रात्र होतेच. म्हणून नव्याने लागलेल्या मुली, सोसायटीतल्या बायका, माझी नणंद, सगळ्या कधी ना कधी विचारतात, "इतक्या रात्री एकटी फिरतेस, जवळ काही ठेवतेस का?" विचारताना आवाज जरा खाली येतो, नजर माझ्या बॅगेकडे जाते. चाकू, गेला बाजार करंट देणारं एखादं यंत्र तरी निघेल अशी अपेक्षा असते.

ठेवते ना. पण ते बघून बहुतेकींचा विरस होतो. पेन्सिल सेलवर चालणारा बोटाएवढा टॉर्च, शिट्टी, मिरचीचा स्प्रे, पॉवर बँक आणि बोटभर लांबीची वायर, गॉजचे दोन पॅक नि क्रेप बँडेज, ओआरएसची पुडी, आतल्या खिशात घडी घातलेल्या नोटा. बस.

वस्तू निवडताना मी दोन गोष्टी बघते. ती रोजच्या किरकोळ अडचणीत उपयोगी पडते का, आणि अंधारात, न बघता, एका हाताने सापडते का. पहिल्या कसोटीला उतरत नाही ती वस्तू महिन्याभरात घरी राहायला लागते. वर्षातून एकदा लागेल म्हणून ओझं वागवणारं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. दुसरी कसोटी जास्त महत्त्वाची. स्प्रे बॅगेच्या तळाशी, वर डबा, त्यावर सॅम्पलचे खोके, त्यावर छत्री. मग तो असून अडचण नि नसून खोळंबा. माझा टॉर्च कुर्त्याच्या उजव्या खिशात, शिट्टी गाडीच्या किल्लीला, स्प्रे पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात, नेहमी त्याच जागी. पर्स बदलली तरी जागा बदलत नाही.

चाकूचं आधी सांगते, कारण त्याबद्दलच सगळ्यात जास्त विचारतात. ठेवू नका. अंगाशी आलेल्या माणसाच्या हातात तो जायला वेळ लागत नाही, आणि मग आपण आगीतून फुफाट्यात. दुसरं कारण कायद्याचं. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा चाकू शस्त्रांत मोडतो. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामाचा असेल तर गोष्ट वेगळी. यावर लोक म्हणतात, "माझा तर चारच इंची आहे." पण शहरात त्यापलीकडेही एक गोष्ट असते. सणवार, निवडणूक, मोर्चे आले की पोलिस आयुक्तालय महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश काढतं. पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी असते, आपण वाचत नाही. त्यात सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, चाकू, काठ्या "किंवा शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू" बाळगायला मनाई असते. आदेश पंधरा दिवसांचा असतो आणि निमित्त निघेल तसा नव्याने निघतो. नाक्यावर पोलिसाने बॅग उघडायला लावली तर "स्वसंरक्षणासाठी आहे हो साहेब" म्हणून सुटका होईल या भ्रमात राहू नये. कोयते घेऊन रील काढणाऱ्यांमुळे आधीच शहराला ताप झालाय. २०२५ मध्ये नाशिक पोलिसांनी अशांना धरून "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला" म्हणायला लावलं, ते व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेत. त्या रांगेत आपण कशाला?

स्वतःचा बचाव करण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहेच. आधी तो भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे, कलम ३४ ते ४४. पण या संहितेतलं कलम ३७ नीट वाचा. बचावाला लागेल तेवढीच इजा, त्याहून जास्त नाही. आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर तो हक्क लागू होत नाही. बॅग हिसकावणाऱ्या पोराकडून बॅग परत मिळाल्यावरही त्याला बडवत राहिलं, तर ते बचावात बसत नाही.

आता मिरचीचा स्प्रे. यावर मी जरा जास्तच बोलते, कारण घेतात सगळ्या आणि वापरून कोणीच बघत नाही. त्यात मिरचीचा तिखट अर्क असतो, डोळ्यांत गेला की डोळे आपोआप मिटतात, खोकला सुटतो. आपल्याला हवी तेवढी, म्हणजे तिथून निघून जाण्यापुरती उसंत मिळते. बाजारात दोन तऱ्हा दिसतात. धुक्यासारखा पसरणारा आणि पिचकारीसारखा सरळ जाणारा. पसरणाऱ्याला नेम कमी लागतो, पण वाऱ्यावर तो आपल्याच तोंडावर येतो. गंगापूर धरणाच्या बाजूला संध्याकाळी कसा वारा सुटतो ते ठाऊक असलेल्याला हे वेगळं सांगायला नको. मी धारेवाला घेते. डबी मुठीत धरायची आणि बटण अंगठ्याने दाबायचं. तर्जनीने दाबायला गेलं की पकड ढिली होते. झाकणाखाली लॉक असतं, ते कुठल्या बाजूला फिरतं हे बोटांना पाठ हवं. विकत आणल्यावर एकदा मोकळ्या जागी, वाऱ्याकडे पाठ करून, अर्धा सेकंद उडवून बघायचं. मोकळ्या जागी म्हणजे मोकळ्या जागी. माझ्या नणंदेच्या यजमानांनी बाल्कनीत उडवून बघितला आणि स्वयंपाकघरात मिरच्यांचा ठेचा जळाल्यासारखं सगळं घर अर्धा तास खोकत बसलं. सासूबाईंनी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

डबीवर मुदत लिहिलेली असते. ती गेली की अर्क तिखट राहतो, पण आतला दाब कमी होतो आणि धार पायाशी पडते. एप्रिल-मेमध्ये स्कूटरच्या डिकीत किंवा बंद गाडीत डबी ठेवू नका. ओझरहून विमानाने जाणार असाल तर केबिन बॅगेत ती चालत नाही. आणि कुणावर राग आला म्हणून उडवायची चीज नाही ती. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका भांडणाच्या प्रकरणात पेपर स्प्रेला धोकादायक शस्त्रच म्हटलं आणि गुन्हा रद्द करायला नकार दिला. चुकून आपल्या डोळ्यांत गेलाच तर चोळायचं नाही, लेन्स असेल तर काढायची आणि भरपूर गार पाणी मारत राहायचं.

करंट देणारा टॉर्च बऱ्याच जणींना भारी वाटतो, कडकड आवाजही करतो. पण तो समोरच्याच्या अंगाला टेकवावा लागतो. म्हणजे तो आपला हात धरू शकेल इतक्या जवळ जाऊन. मला जवळ जायचंच नाहीये. मांजराच्या तोंडाचे लोखंडी कीचेन, टोकदार पेन, बोटांमध्ये किल्ल्या धरणं, सगळ्यांचं तेच. किल्ल्या बोटांत धरून एकदा सोफ्याच्या उशीवर ठोसा मारून बघा, कोणाला जास्त लागतं ते कळेल.

खरा उपयोग होतो टॉर्चचा. मोबाइलचा टॉर्च आहे की, असं सगळे म्हणतात. पण उजेडासाठी मोबाइल हातात धरला की फोन करायचा कशाने? शिवाय पाच टक्के बॅटरी उरलेली असते ती अशाच रात्री. पेठ रोडला सावळ घाटात टायर पंक्चर झालं तेव्हा टॉर्च दातात धरून दोन्ही हात मोकळे राहिले, याहून मोठं प्रशस्तिपत्र मी त्याला देऊ शकत नाही. पेन्सिल सेलवालाच घ्या, सेल कुठल्याही टपरीवर मिळतो. पार्किंगमध्ये, जिन्यात, गाडीत बसायच्या आधी मागच्या सीटवर एक झोत मारायचा. पुढे कोणी उभं असेल तर त्याच्या पायाशी मारायचा. आपण त्याला पाहिलंय हे त्याला कळतं आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. उसाच्या पट्ट्यात, निफाड-सिन्नर-दिंडोरीकडे, टॉर्च बिबट्यासाठीही लागतो. आता तर बिबट्या शहरातल्या कॉलन्यांतही फिरून जातो. वाकायचं नाही, पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, मोठ्याने बोलत मागे सरकायचं. वनखात्याचा नंबर १९२६.

शिट्टी मुलींना हास्यास्पद वाटते. ओरडायला लागलो की पाच-सात हाकांत घसा बसतो, भीतीने तर आवाजच फुटत नाही. शिट्टीला तेवढी फुंकर पुरते. आत मणी नसलेली घ्या, पावसात भिजली तरी वाजते.

फोनबद्दल थोडक्यात. २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनला आपत्कालीन बटणाची सोय बंधनकारक आहे. स्मार्टफोनवर पॉवर बटण झटपट तीनदा, साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं. काही फोनमध्ये तीनऐवजी पाचदा दाबावं लागतं, आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये बघून ठेवा. फोन ११२ ला लागतो, तेव्हा गंमत म्हणून दाबू नका. लॉक स्क्रीनवर रक्तगट आणि घरच्या एकाचा नंबर दिसेल असं करून ठेवा. बेशुद्ध माणसाच्या फोनचा पासवर्ड कोणालाच माहीत नसतो. पैशांबद्दल एवढंच, की मोबाइलच्या कव्हरमागे नोट ठेवणं म्हणजे दोन्ही एकदम घालवायची सोय.

गॉज आणि बँडेज माझ्या धंद्याची देणगी म्हणा. पण आजवर मी बॅगेतून सगळ्यात जास्त वेळा काढलेली वस्तू तीच. जखमेवर गॉज ठेवायचं, तळहाताने जोर देऊन दाबायचं आणि दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. तोवर दुसऱ्याला १०८ लावायला सांगायचं. रस्त्यावरच्या जखमीला मदत करणाऱ्यामागे पोलिसांचं लचांड लागतं या भीतीने लोक पुढे होत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १३४ अ आलं, त्याने अशा माणसाला संरक्षण दिलेलं आहे.

८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगर रोडवर, मिरची हॉटेलच्या चौकात यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस पेटली आणि १२ जण गेले. त्यानंतर मी गाडीत काच फोडायची हातोडी घेतली. एका टोकाला पोलादी टोक, दुसऱ्या बाजूला सीटबेल्ट कापायचं पातं. बाजूची काच कोपऱ्यात मारली की भुगा होऊन पडते. समोरच्या काचेवर वेळ घालवू नका, तिच्या दोन थरांमध्ये चिकट पापुद्रा असतो, ती तडकते पण पडत नाही. हातोडी दाराच्या कप्प्यात, हाताशी. डिकीत ठेवलेली मी पाहिलीये, त्यावर काय बोलणार. आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये चढल्यावर मी आधी मागची संकटकालीन खिडकी बघते, मग सीट.

या सगळ्यात जे जवळ ठेवायचं नाही तेही आलं. सोनं. सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांच्या गळ्यातलं मोटारसायकलवाले ओढून नेतात ही बातमी नाशिककरांना नवी नाही. गाडी चालवताना साखळी ओढली गेली तर सोनं जातंच, वर आपण रस्त्यावर. मी कामावर काळ्या मण्यांची एकपदरी, बाकी सगळं नकली. सासूबाईंना पटलेलं नाही. कोणी पर्स मागितलीच तर देऊन टाकायची. म्हणून किल्ली, फोन आणि नोटा पर्समध्ये नसतात.

आता सगळ्यांचं विचारणं सिंहस्थावर आलंय. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. गावाकडची माणसं आपल्याच घरी उतरणार. २७ ऑगस्ट २००३ ला रामकुंडाकडे उतरणाऱ्या चिंचोळ्या रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली, ३९ जीव गेले. त्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना कळेल की तिथे स्प्रे वगैरे कशाचाच उपयोग नाही, उलट कोणी उडवला तर पळापळ व्हायची. गर्दीत हात मोकळे हवेत, खांद्याला लटकती पर्स नको, पायात पट्ट्याची चप्पल. दोन्ही हात छातीपुढे धरायचे, श्वासापुरती जागा राहते. रेटा आला की उलट्या दिशेने भिडायचं नाही, रेट्याबरोबर जात तिरकं तिरकं कडेला सरकायचं. खाली पडलेलं काही उचलायला वाकायचं नाही, मोबाइल असला तरी.

बरोबरच्या म्हाताऱ्या माणसांच्या खिशात किंवा कमरेच्या पिशवीत नाव, गाव आणि दोन नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवा. दोन, कारण गर्दीत आपला फोन लागतोच असं नाही. दुसरा नंबर घरी थांबलेल्या माणसाचा. आणि निघताना दारातच प्रत्येकाचा पायापासून डोक्यापर्यंत फोटो काढून घ्या. चुकलेल्यांच्या मदत केंद्रावर पहिला प्रश्न असतो लुगडं कुठल्या रंगाचं होतं, आणि त्या वेळी सख्ख्या मुलालाही ते सांगता येत नाही.