थोडक्यात गेलं नव्हतं

जुलैत मिळालेली एनआयटीची एमटेकची सीट मी सोडली. ब्रँच वॉटर रिसोर्सेस. त्यात वाईट काही नाही, पण मला स्ट्रक्चर्स हवंय, म्हणजे इमारतींचं डिझाइन. तेव्हापासून बार्शीला घरी सगळे धरूनच चाललेत की पोरगी पुन्हा गेट, म्हणजे एमटेकची प्रवेश परीक्षा, देणार. आत्याने तर मला पवईच्या आयआयटीत पोचवूनही टाकलंय. सीट नको म्हणणं आणि परत तीन तास त्या खुर्चीत बसायला तयार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र कुणाला सांगून पटत नाही.

दीड वर्ष झालं, मोशीत एका बिल्डिंगच्या साइटवर आहे. पगार चोवीस हजार. एमटेकला गेटवाल्यांना महिन्याला १२,४०० रुपये मिळतात, म्हणजे पास होऊन पगार अर्धा करून घ्यायचा. हे बाबांना समजावताना माझंच मला हसू आलं.

फेब्रुवारीत मला १०० पैकी ४९.६७ पडले. गेटचा स्कोअर, जो हजारपैकी असतो, ५८०च्या आसपास. या मार्कांबद्दल मी सगळ्यांना एकच वाक्य ऐकवत होते: "अगं, थोडक्यात गेलं. सिली मिस्टेक्स झाल्या." इतक्या वेळा ऐकवलं की मलाही ते खरं वाटायला लागलं. आणि खरंच सिली मिस्टेक्स असतील तर परत द्यायची भीतीच वाटायला हवी ना? वेंधळेपणा काही अभ्यासाने जात नाही. यंदा उत्तर मीटरमध्ये लिहिलं, पुढच्या वर्षी किलोन्यूटनच्या जागी न्यूटन लिहीन.

गेल्या रविवारी पाऊस होता, स्लॅबही नव्हता. रूममेट गावाला गेलेली. फेब्रुवारीत डाउनलोड करून ठेवलेली रिस्पॉन्स शीट, म्हणजे मी दिलेली उत्तरं, पहिल्यांदा नीट उघडली, शेजारी आन्सर की ठेवली आणि साइटच्या मेजरमेंट बुकासारखे रकाने आखले. पासष्ट प्रश्न, एकेक करून.

एक मार्काचे पाच एमसीक्यू (पर्यायांचे प्रश्न) चुकलेले, प्रत्येकी एक तृतीयांश वजा. दोन मार्कांचे चार चुकलेले, प्रत्येकी दोन तृतीयांश. एकूण ४.३३ गेले. मिळवलेले ५४, त्यातून हे कापून ४९.६७. हे सगळे तुक्के होते. "दोन ऑप्शन उडवले की तिसरा मारून टाकायचा" हा माझाच शहाणपणा.

मग ज्यांच्या जिवावर मी सहा महिने रडत होते त्या सिली मिस्टेक्स मोजल्या. तीन निघाल्या. सहा मार्क. एकात सेटलमेंट, म्हणजे पाया किती खचेल ते, मिलिमीटरमध्ये मागितली होती, मी मीटरमध्ये टाकून मोकळी झाले. दुसऱ्यात स्क्रीनवरच्या कॅल्क्युलेटरवर माऊसने टिचक्या मारताना कंस राहिला. (वर्षभर सराव हातातल्या कॅसिओवर केला, तो आत नेता येत नाही हे माहीत असूनही. याला सिली म्हणायचं की आळस?)

बाकीचे चाळीस मार्क मला येतच नव्हते! एन्व्हायर्नमेंटल, ट्रान्सपोर्टेशन, सर्वेक्षण. "हे शेवटच्या महिन्यात बघू" म्हणून ठेवलेले विषय. शेवटच्या महिन्यात साइटवर दोन स्लॅब होते. ॲप्टिट्यूडच्या १५ मार्कांतलेही चार गेले, कागदाच्या घड्या घालून भोकं पाडायच्या प्रश्नांत वगैरे, आणि त्याची मी कधी तयारीच केली नव्हती.

विचित्र वाटेल, पण तो आकडा बघून मला हलकं वाटलं. नशिबाने गेलेले मार्क परत कसे आणायचे ते कुणाला ठाऊक? न वाचलेला बीओडी (सांडपाण्याची ऑक्सिजनची गरज, एन्व्हायर्नमेंटलमधला धडा) मात्र वाचता येतो.

तरी फॉर्म भरायचं त्या दिवशी ठरलं नाही. ठरलं ते बुधवारी, सेंट्रिंगवर, म्हणजे स्लॅबच्या साच्यावर.

पाचव्या मजल्याचा स्लॅब दुसऱ्या दिवशी भरायचा होता. बाल्कनी कॅन्टिलिव्हर, एकाच बाजूने धरलेली, म्हणजे मुख्य सळई वरच्या बाजूला हवी. इलेक्ट्रिकवाले पाइप टाकायला त्यावरूनच ये-जा करत होते, सळ्या दबून खाली गेलेल्या. मी मुकादमांना चेअर (सळईचेच वाकवलेले टेकू) लावून सळ्या उचलून घ्यायला सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, लोखंड तर तेवढंच आहे. दोन बोटं वरखाली झालं तर काय होतंय?"

प्रश्न रास्त होता. ड्रॉइंगच्या पाठीमागे मांडून दाखवलं: स्लॅब १५० मिलिमीटर, खालच्या कडेपासून सळई हवी सव्वाशेवर, आत्ता आहे नव्वदवर. लोखंड तेवढंच, पण बाल्कनीची ताकद तीसेक टक्के कमी. मुकादमांनी कागद उलटा धरून पाहिला, खिशात घातला आणि इलेक्ट्रिकवाल्यांना अशा काही शिव्या घातल्या की विचारू नका. संध्याकाळपर्यंत शंभरेक चेअर लागल्या.

ते गणित मांडताना मी वेळ बघितला नव्हता, मार्क मोजले नव्हते. हेच काम करायचंय, आणि फक्त मांडून दाखवण्यापलीकडचं करायचंय. वॉटर रिसोर्सेस सोडल्याचं वाईट तेव्हा पहिल्यांदा वाटेनासं झालं.

नोकरी सोडणार नाहीये. आधीचा स्कोअर तीन वर्षं चालतो म्हणून "पुढच्या वर्षी बघू"ही म्हणता आलं असतं, आणि त्याच भरवशावर मी आणखी दोन पावसाळे मोशीत काढले असते हेही मला माहीत आहे. पहाटे साडेपाच ते साडेसात, सुरुवात एन्व्हायर्नमेंटलपासून. कॅसिओ साइट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टाकलाय.

रात्री बाबांना फोन केला. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते, मोजकं बोलतात.

"बाबा, फॉर्म भरतेय."

"बरं." मग जरा थांबून, "फोटो मागचाच चालेल, का नवा काढायचा? मागच्या वेळी तोंडावर सावली आली म्हणून परत आला होता."

नवा काढायचाय. रविवारी जाईन.