साडेपाचला उठणारा कॉम्प्युटर

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे पावणेपाचला फोन वाजला. गुलटेकडीच्या फुलबाजारातले एक आडते आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर वापरतात. फोनवर त्यांचे दिवाणजी. "पट्ट्या चुकतायत. या." पट्टी म्हणजे शेतकऱ्याला त्याच्या मालाच्या विक्रीचा मिळणारा हिशेबाचा कागद.

हिंजवडीत आठ वर्षं नोकरी केली, तेव्हा अशा वेळी तक्रारीचं तिकीट यायचं आणि ते बहुतेकदा दुसऱ्याच कुठल्या टीमचं निघायचं. आता कंपनी माझी, माणसं चार, आणि कर्वेनगरहून स्कूटर काढणारा मीच.

गाळ्यावर झेंडूचे क्रेट छातीपर्यंत रचलेले. पुरंदरचे एक शेतकरी पट्टी नाचवत होते. त्यांचा माल कालही आला होता, आजही. सॉफ्टवेअरने दोन्ही दिवसांची मिळून एकच पट्टी काढली होती, कालच्या तारखेची. "कालचे पैसे कालच घेतले की मी! हे परत काय?"

मी पोत्यांवर बसून लॅपटॉप उघडला. वीस मिनिटं कोड चाळला, हाती काही लागेना. तेवढ्यात पुढची पट्टी बरोबर निघाली. त्याच्या पुढचीही. मी कशालाही हात लावला नव्हता.

"झालं बघा, साहेब आले आणि चालू झालं," म्हणत दिवाणजींनी चहा पुढे केला. मी तो घेतला. (खरं सांगायचा धीर झाला नाही.) स्क्रीनच्या कोपऱ्यात 5:31 दिसत होते, आणि मग डोक्यात प्रकाश पडला.

आमच्या सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतं. भारताची वेळ त्याच्या 5 तास 30 मिनिटं पुढे. म्हणजे पुण्यात मध्यरात्र उलटली तरी पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरवर कालचाच दिवस. यूटीसीत वेळ साठवण्यात काही गैर नाही. पण पट्टीची तारीख काढण्याआधी ती एशिया/कोलकाताच्या, म्हणजे भारताच्या वेळेत आणायची असते. ती एक ओळ राहिली होती, आणि तो कोड मीच लिहिलेला. आमची आधीची गिऱ्हाइकं रविवार पेठेतली, दहाला शटर उघडणारी. आमची टेस्टिंगही चहा-नाश्ता झाल्यावरची. साडेपाचच्या आधी धंदा करणारं कुणी भेटलंच नव्हतं.

दुरुस्ती दुपारपर्यंत चढवली. राहिल्या जुन्या नोंदी. तीन आठवड्यांच्या स्थळप्रती मागितल्या, तर दिवाणजींनी गठ्ठाच ठेवला. पहाटेच्या प्रत्येक पट्टीवर निळ्या पेनाने तारीख खोडून बरोबर केलेली, शेजारी सही. सलग दोन दिवस माल आणणारे फारसे नव्हते, म्हणून पेनावर भागलं होतं.

"म्हटलं, कॉम्प्युटर साडेपाचला उठत असेल."

"अहो, मग पहिल्याच दिवशी फोन करायचा!"

"तुमच्या कागदावर मदतीचा नंबर आहे ना, त्याच्याखाली लिहिलंय. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा."