पदर कुठला?

बुधवार, रात्री साडेअकरा

फॉल-पिकोला दिलेली साडी आज आणली आणि घरी येऊन उलगडते तर काय, फॉल पदराच्या टोकाकडून लावलेला. साडी नेसणारीला लगेच कळेल काय झालंय ते, बाकीच्यांसाठी सांगते, फॉल लागतो आतल्या टोकाकडून, जे आपण आधी कमरेला खोचतो तिथून ते निऱ्या संपेपर्यंत, म्हणजे निऱ्या नीट खाली पडतात आणि काठ घासून विरत नाही. आता माझ्या साडीत पदर कमरेला खोचायचा आणि उरलेलं टोक खांद्यावर टाकायचं. पुढच्या रविवारी भाचीचा साखरपुडा, म्हणून तशीच चप्पल घालून परत गेले.

मावशी मशीनवरच होत्या. साडी बघितली, चष्मा वर केला, दोन्ही टोकं हातात धरून जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, पदर कुठला ते दाखवून जायचं ना. आजकाल साडीला पदरच नसतो आणि बोलणी आम्ही खायची."

तसं त्यांचंही बरोबर आहे म्हणा. साडी प्लेन शेवाळी कॉटन, पदर म्हणून शेवटाला जरीच्या दोन बारीक रेघा, ब्लाउजपीस मी आधीच कापून घेतलेला, त्यामुळे ओळखायला खूणच नाही. पैठणी असती तर अशी चूक करून दाखवावी कुणी! तिचा पदर म्हणजे जर आणि रेशमाने हातावर भरलेले मोर आणि वेली, तेही असे की उलटी बाजू सुलटीसारखीच. नाहीतर इरकल, अंग कुठल्याही रंगाचं असू दे, पदर तांबडा आणि त्यावर पांढरं, अंधारातसुद्धा सापडेल.

मी म्हणलं जाऊ दे, उसवून परत लावा, वरचे काय ते पैसे घ्या. तर मावशी एकदम, "छे छे, चूक माझी, नवा फॉल लागला तरी माझ्या पदरचे घालीन." आणि ह्या मावशी पंजाबी ड्रेसमध्ये! ओढणीसुद्धा मशीनमध्ये अडकते म्हणून खुंटीला टांगलेली. पदर ना साडीला ना त्यांना, आणि पैसे मात्र पदरचे.

येताना रस्ताभर तेच डोक्यात. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर मागवला की एक काका बर्म्युडावर खाली येऊन सांगतात की मी पदरमोड करून मागवलाय. खिसामोड कुणी म्हणत नाही. शर्टाला एक, पँटला चार खिसे असून बाप्यांना पैसे काढायला पदरच लागतो, आणि नुकसान झालं की खारही पदरालाच लागतो. आता उपरण्यालाही पदर असतो हे कबूल, पण मला तरी पदरमोड म्हणलं की आजीच्या लुगड्याची गाठ दिसते. लुगड्याला खिसा नसतो. पैसे एकतर कनवटीला नाहीतर पदराच्या टोकाला गाठ मारून. ती गाठ आजी एवढी घट्ट मारायची की सोडवताना दात लावायला लागायचे, आणि आत निघायचं काय तर एक रुपया, आठ आणे, सुपारीचं खांड आणि एसटीचं घामाने मऊ झालेलं तिकीट. तिकीट कशाला ठेवलं विचारलं तर म्हणायची राहू दे. कुणाला पाच रुपये द्यायचे तर ती आधी भिंतीकडे तोंड करायची, मग गाठ. दातांनी सोडवून दिलेल्या त्या पाच रुपयांना पदरमोड म्हणायचं, टँकरला काय म्हणायचं ते काकांनी ठरवावं.

आणि हा शब्द जातो तरी कुठे कुठे. चिरोट्याला पदर सुटले की आई खूश. मोहनमाळ दोनपदरी. दोऱ्याला पीळ देऊन तीनपदरी करायचा. विषयाला पदर असतात (हे भाषणवाले फार म्हणतात, एकदा तरी मोजून सांगा किती). आणि रस्ता! मुंबई-पुणे एक्सप्रेसवे सहापदरी, समृद्धी सहापदरी, आणि मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण, ज्याचं काम २०११ ला सुरू झालं आणि त्यानंतर किती गणपती येऊन गेले ते कोकणात जाणाऱ्यांना विचारा. कापडाचं टोक ते डांबराची पट्टी हा प्रवास कसा झाला असेल? मला वाटतं घडीमुळे. पदर खांद्यावर घ्यायचा तर एकावर एक घडी घालत जातो, मग एकेका थराला पण पदरच म्हणायला लागले असतील, आणि थर शेजारी शेजारी मांडले की झाला रस्ता. हा माझा अंदाज हं, म्हणजे पदरचंच घातलेलं.

राजेलोकांना पण पदर असायचा. पानिपतावर तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी आधी निजामाच्या पदरी, मग पेशव्यांच्या पदरी. १७६१ सालची फौज आणि भाषा मात्र आईच्या मागे लपणाऱ्या पोराची. आपण आता कुणाच्या पदरी नसतो, पेरोलवर असतो. लेऑफ झाला की निराशा मात्र पदरीच पडते.

सगळेच अर्थ काही असे गंमतीचे नाहीत. "तिला पदर आला" हे मी लहानपणी बायकांच्या कुजबुजीत ऐकलंय आणि मला वाटलं नवी साडी आली असेल. आपली आपण वयात आले तेव्हा कळलं कसली साडी ते. पदर आला की परकर गेला, खेळ गेला, आईच्या पिढीत तर बऱ्याचजणींची शाळा पण गेली.

आणि पदर लागणे. घरी आल्यावर आत्याचा फोन. भाचीने मुलगा स्वतःचा स्वतः पसंत केलाय, जात वेगळी, ताई-भावोजींना काही प्रॉब्लेम नाही, पण आत्याचं आपलं सुरूच, "मुलगा गुणाचा आहे गं, नोकरी चांगली, पण त्यांचा आपला पदर कुठून लागतो?" मी म्हणलं आत्या, लागत नाही, आता लागेल. ती गप्प. मला तिचं गप्प बसणं माहितीये, कारण ह्याच वाक्यावर पंचवीस एक वर्षांपूर्वी आमच्या घरात एक ठरत आलेलं लग्न मोडलंय. मुलात खोट नव्हती, पत्रिकेत नव्हती, फक्त पदर जुळत नव्हता. आणि ते मोडायला सगळ्यात पुढे होते ते दोन धोतरवाले काका, ज्यांना पदर कशाशी खातात ते माहीत नव्हतं. त्यानंतर जे स्थळ आलं त्याच्याबद्दल आजी म्हणाली होती, पदरी पडलं पवित्र झालं. हे वाक्य आमच्याकडे फ्रिज बिघडका निघाला तरी हसत हसत म्हणतात, पण त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं. बोहल्यावर मात्र शालूच्या पदराची नि उपरण्याची गाठ अगदी साग्रसंगीत मारली. मीच मारली, करवली होते ना.

असो, साडी मावशींकडेच ठेवून आलेय, शनिवारी देते म्हणाल्यात. ह्यावेळी पदराच्या टोकाला सेफ्टीपिन लावून दिली, चांगली मोठी, वर तोंडाने पण दोनदा सांगितलं, मावशी हा पदर. शेवटाला गोंडे पण बांधायला सांगितलेत, म्हणजे त्या बिचारीला जरा तरी पदरासारखं दिसेल.

आत्या साखरपुड्याला येणार का नाही हे काही तिने सांगितलं नाही. तब्येतीचं बोलली, पावसाचं बोलली. फोन ठेवता ठेवता म्हणाली, गोंडे कुठल्या रंगाचे लावतेयस? शेवाळीच, म्हणलं. "अगं मरून लाव, शेवाळीवर मरून उठून दिसेल. आणि माझ्या हिरवीचे पण सुटलेत, रविवारच्या आत बांधून देते का विचार त्या बाईला."