काडीवर छापा 60/40 चा, आत भलतंच

मंडळी, रंगीत काचांचे तुकडे सोल्डरनं जोडून करतोय तो मोर अजून खिडकीत लागलेला नाही. मागच्या फोटोत पुढची बाजू बघितलीत, बीड (सांध्यावरची सोल्डरची फुगीर रेघ) कसं गोल गुळगुळीत, तेवढ्यावर मी चार दिवस हवेत होतो. ती बाजू जुन्या स्टॉकवर झाली, तो संपला म्हणून कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतनं सोल्डरच्या नवीन काड्या आणल्या (छापा 60/40, म्हणजे 60 टक्के कथील, 40 टक्के शिसं) आणि पॅनेल उलटं करून मागची बाजू घेतली. तिथनं वाट लागली. बीड पळेचना, फ्रीजमधल्या लोण्यासारखं नुसतं ढकलायचं, आणि सोल्डरिंग आयर्न उचललं की मागं उंदराची शेपटी, गार झालं की वर बारीक रवा.

तीन रविवार माझंच काहीतरी चुकतंय म्हणून घालवले. टीप बदलली, काचांच्या कडेचं तांब्याचं फॉइल स्टील वूलनं घासलं, सोल्डर धरावं म्हणून लावतात तो झिंक क्लोराईडचा फ्लक्स ताजा घेतला (कथिलाच्या डबीतली ती चिकट पेस्ट वापरू नका, पुसून जात नाही आणि पॅटिना, म्हणजे शेवटी सोल्डरला चढवतात तो रंग, डागाळतो). शेवटी वैतागून आयर्न 420 अंशांवर नेलं, तर सोल्डर आरपार पुढच्या बाजूला उतरलं आणि मोराच्या मानेची निळी काच टिंग करून तडकली. ती काच परत मिळायची नाही, जाऊ दे.

गुजरीतला सराफ मित्र चहाला आला होता, काडी हातात घेऊन म्हणाला, "अरे, ही जड लागत्या. आम्ही सोनं बघतो तसं पाण्यात वजन कर की." त्याचाच काटा आणला. काडी हवेत 248.6 ग्रॅम, दोऱ्याला बांधून पाण्यात सोडली तर 221.8. फरक 26.8, 248.6 ला त्यानं भागलं की 9.28, म्हणजे पाण्याच्या तेवढ्या पट जड. खरं 60/40 असतं तर 8.5 च्या आसपास यायला पाहिजे, 50/50 असतं तरी 8.9. म्हणजे ही सरळसरळ 40/60, कथील कमी, शिसं जास्त! जुन्या काडीचा उरलेला तुकडा मोजला, 8.5. त्या क्षणी मी जो ओरडलो ना, शेजारचे गॅलरीत आले.

आता सगळं जुळतंय बघा. 60/40 वितळतं 190 ला आणि 183 ला घट्ट, मधे फक्त 7 अंश, म्हणून बीड सेट होताना चकाकतं. 40/60 ला पूर्ण पातळ व्हायला 238 लागतात आणि घट्ट मात्र 183 लाच, मधले 55 अंश नुसता चिखल. मी त्या चिखलात बीड काढत होतो. दुकानदाराला विचारलं तर म्हणे "सगळे हेच नेतात". नेत असतील, पत्र्याच्या डब्याला डाग मारायला.

काड्या परत करायच्या असं ठरवून हे लिहायला बसलो, पण आकडेमोड करताना सुचलं की 100 ग्रॅम 40/60 मध्ये 50 ग्रॅम शुद्ध कथील घातलं की 90 कथिलाला 60 शिसं, म्हणजे 60/40 च की! कल्हईवाल्याकडनं कथील आणलं, लोखंडी पळीत वितळवलं, वरची काजळी काढून अँगलच्या खाचेत ओतलं. आई म्हणाली ती पळी परत घरात दिसली तर बघ, बरोबरच आहे, शिसं आहे. जेवणाआधी हात धुवा, हे मीही विसरतो.

नवीन काडी 147.0 ग्रॅम, पाण्यात 129.8. म्हणजे 8.55. बीड पळालं!

लेड-फ्री, म्हणजे शिसं नसलेल्या सोल्डरचं विचारलं होतं कुणीतरी, 99.3 कथिलवालं 227 ला वितळतं आणि माझ्या हाताला चकाकी येत नाही, पेंडंटला ठीक. परवा पाहुण्यांना घेऊन न्यू पॅलेसला गेलो, दरबार हॉलमधल्या शिवरायांच्या काचा बघायच्या सोडून मी सांधेच बघत उभा, बायकोनं हाताला धरून पुढं ओढलं.

मागचे अजून नऊ सांधे राहिलेत. त्याआधी मानेसाठी निळी काच शोधायचीय, कुणाकडं गडद निळ्या कॅथेड्रल (आरपार दिसणाऱ्या) काचेचा वितभर तुकडा पडलाय का?