ऑस्ट्रेलिया आशियात गेला त्या दिवशी

१ जानेवारी २००६ पासून ऑस्ट्रेलिया फुटबॉलच्या हिशेबात आशियात आला. तोवर तो ओशिनिया, म्हणजे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि पॅसिफिकमधली बेटं, यांच्या महासंघात होता. १९६६ साली तो महासंघ उभा करणाऱ्यांपैकीच एक. मी तेव्हा वेबसाइटची यादी ठेवणाऱ्या एका ऑनलाइन डिरेक्टरीची फुटबॉल शाखा सांभाळत होते. संपादक सगळे स्वयंसेवक, वेगवेगळ्या देशांतले. नव्या वर्षाचा पहिला दिवस म्हणून बरेचसे गायब होते आणि ऑस्ट्रेलियाची अख्खी शाखा ओशिनियाखालून काढून आशियाखाली न्यायचं काम माझ्याकडे आलं होतं.

हे काम बाहेरून सोपं दिसतं. कुणी तरी आपल्या साइटचा पत्ता पाठवतो, तो रांगेत येऊन पडतो, संपादक साइट उघडून वाचतो, दोन ओळींचं वर्णन लिहितो आणि योग्य कॅटेगरीत टाकतो. वर्णनात ‘सर्वोत्तम’, ‘एकमेव’ असले शब्द चालत नाहीत. साइटवर काय आहे तेवढंच लिहायचं. खरा कस लागतो तो कॅटेगरी ठरवताना. आमची मांडणी अशी होती: वर फुटबॉल, त्याखाली सहा खंडीय महासंघ, प्रत्येकाखाली त्याच्या सदस्य राष्ट्रीय संघटना, आणि त्याखाली लीग, क्लब, चाहत्यांच्या साइट, आकडेवारी. युरोपचा युएफा, दक्षिण अमेरिकेचा कॉन्मेबॉल, आफ्रिकेचा सीएएफ, आशियाचा एएफसी, उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियनचा कॉन्ककॅफ, ओशिनियाचा ओएफसी.

सरळ खंडानुसार का लावत नाही, असं प्रत्येक नवा संपादक विचारायचा. मी त्याला गयाना आणि सुरिनाम दाखवायची. दोन्ही देश दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आहेत, खेळतात मात्र कॉन्ककॅफमध्ये. कझाकस्तान २००२ साली आशिया सोडून युएफात गेला. इस्राएलला १९७४ साली आशियाई महासंघातून बाहेर पडावं लागलं, मग १९८६ आणि १९९० च्या विश्वचषकांसाठी त्याची पात्रता फेरी ओशिनियाच्या गटात झाली, आणि १९९४ साली तो युएफाचा पूर्ण सदस्य झाला. अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटांचं पाहा: प्युर्तो रिको कॉन्ककॅफमध्ये, ग्वाम आशियात, अमेरिकन सामोआ ओशिनियात. एखादा देश कुठल्या खंडात येतो यावर रात्रभर वाद घालता येतो. तो कोणाचा सदस्य आहे हे मात्र ठरावात लिहिलेलं असतं, त्याला तारीख असते. कॅटेगरी लावणाऱ्याला असा पक्का आधार दुसरा मिळत नाही, म्हणून मी त्या मांडणीवर ठाम होते.

आणखी एक समजूत मला वारंवार दूर करावी लागायची. फिफा म्हणजे सगळ्या फुटबॉलचा मालक, वरून हुकूम सोडणारा, असं अनेकांना वाटतं. फिफा १९०४ साली पॅरिसमध्ये सात युरोपीय देशांच्या पुढाकाराने स्थापन झाली. तिच्या सदस्य आहेत त्या राष्ट्रीय संघटना, आज २११. क्लब थेट फिफाचे सदस्य नसतात. ते आपल्या राष्ट्रीय संघटनेच्या छत्राखाली येतात. खंडीय महासंघसुद्धा फिफाचे सदस्य नाहीत. फिफा त्यांना मान्यता देते, पण त्यांची घटना आणि त्यांच्या स्पर्धा त्यांच्या स्वतःच्या असतात. आणि खेळाचे नियम? ते ठरवतं आयएफएबी हे मंडळ. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चार संघटनांनी ते १८८६ साली, म्हणजे फिफाच्या १८ वर्षं आधी स्थापन केलं. फिफा त्यात आली १९१३ साली. आज तिथे आठ मतं आहेत: चार ब्रिटिश संघटनांचं एकेक (आयर्लंडची जागा आता उत्तर आयर्लंडकडे आहे) आणि चार फिफाची. एखादा नियम बदलायला सहा मतं लागतात. म्हणजे फिफाला एकटीने ऑफसाइडचा नियम बदलता येत नाही, आणि चौघांनाही फिफाला वगळून काही करता येत नाही. मला ही रचना फार आवडते. पंचांच्या आणि नियमांच्या साइट फिफाखाली न ठेवता त्यांची वेगळी कॅटेगरी करावी हा आग्रह मी याच कारणाने धरला होता.

तर, त्या दिवशीचं काम. शाखा हलवणं यंत्राच्या दृष्टीने काही मिनिटांचं. सोबत काय न्यायचं आणि काय मागे ठेवायचं हे ठरवण्यात वेळ गेला. राष्ट्रीय संघटना, नुकतीच ऑगस्ट २००५ मध्ये सुरू झालेली ए-लीग, राज्यांच्या लीग, क्लब, चाहत्यांची पानं, हे सगळं आशियाखाली गेलं. पण ११ एप्रिल २००१ चा सामना कुठे ठेवायचा? कॉफ्स हार्बरमध्ये ऑस्ट्रेलियाने अमेरिकन सामोआला ३१–० हरवलं होतं, एकट्या आर्ची थॉम्पसनचे १३ गोल. मैदानावरच्या फलकाने तेव्हा ३२ दाखवले होते, आकडा नंतर दुरुस्त झाला, त्यामुळे काही साइटवर ३२ आणि काहींवर ३१ असं वाचायला मिळायचं. पराभूत संघाची बाजू फार थोड्या पानांवर असायची: पासपोर्टच्या अडचणीमुळे त्यांच्या मूळ संघातला जवळजवळ कुणीच खेळू शकला नाही आणि मैदानात पंधरा वर्षांची मुलंही उतरवावी लागली. तो सामना ओशिनियाच्या पात्रता फेरीतला, तेव्हा तो ओशिनियाच्या इतिहासातच राहायला हवा असं मी ठरवलं. आधारही होता. १९८६ च्या विश्वचषकासाठी झालेल्या ओशिनिया गटात इस्राएल आणि चायनीज तैपेई (म्हणजे तैवान) खेळले होते आणि ती पानं आम्ही कुठेही हलवली नव्हती. सदस्यत्व बदललं तरी आधी खेळलेले सामने त्यासोबत जात नाहीत.

सिडनी एफसीनेही असाच पेच टाकला. २००५ च्या मध्यात ताहितीमध्ये हा क्लब ओशिनियाचा विजेता ठरला आणि डिसेंबरमध्ये, म्हणजे जेमतेम दोन-तीन आठवड्यांपूर्वी, जपानमध्ये झालेल्या क्लबांच्या जागतिक स्पर्धेत ओशिनियाचा प्रतिनिधी म्हणून खेळून आला होता. क्लबचं पान आशियात गेलं, त्या स्पर्धेची पानं ओशिनियात राहिली, आणि दोन्हीकडून एकमेकांकडे लिंक दिली.

ऑस्ट्रेलिया गेला का, हेही मला कॅटेगरीच्या माहितीत लिहायचं होतं. कारण उघड आहे: ओशिनियाला विश्वचषकात अर्धीच जागा होती. म्हणजे ओशिनिया जिंकल्यावरही दुसऱ्या खंडातल्या संघाशी दोन सामने खेळायचे आणि चार वर्षांची मेहनत त्यावर लावायची. १९९३ साली अर्जेंटिना आडवी आली, १९९७ साली मेलबर्नमध्ये २–० ची आघाडी असताना इराणने बरोबरी साधली, २००१ साली मोंतेविदेओत उरुग्वेने ३–० ने हरवलं. २००६ साठी ओशिनियाला पूर्ण जागा देण्याचा निर्णय फिफाने घेतला होता, तोही २००३ साली मागे घेतला. नोव्हेंबर २००५ मध्ये सिडनीत उरुग्वेविरुद्ध पेनल्टींवर ऑस्ट्रेलिया अखेर जिंकला आणि १९७४ नंतर पहिल्यांदा विश्वचषकाला पात्र ठरला. जाण्याचा निर्णय तोवर झालेला होता. बलाढ्य संघांशी नियमित सामने हवेत ही त्यांची मागणी मला पटते. ३१–० जिंकून कुणाचाच खेळ सुधारत नाही.

दुपारी मात्र एक सूचना आली आणि दिवसाचा रंगच बदलला. खेळ विभागातल्या एका अनुभवी संपादकाने लिहिलं की ऑस्ट्रेलिया गेल्यावर ओशिनियात उरतं काय? कॅटेगरी रिकाम्या दिसतात, लोक तिथवर पोचत नाहीत. न्यूझीलंड वेगळं ठेवून बाकी सगळं ‘इतर देश’ या नावाखाली एकत्र करू. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. काही बेटांच्या नावाखाली एकच साइट होती, आणि ओस पडलेली कॅटेगरी वाचकाचा वेळ खाते हे मलाही मान्य होतं.

पण मला ते सहन झालं नाही. मी त्याला सविस्तर उत्तर लिहिलं. ओएफसी हा सहा महासंघांपैकी एक आहे. एक मोठा सदस्य गेल्याने तो महासंघ राहत नाही असं फिफा म्हणत नाही, मग आपण कोण म्हणणार? फिफाच्या महासभेत प्रत्येक संघटनेला एक मत असतं, टोंगालाही एकच आणि ब्राझीललाही एकच. विश्वचषकाची ती अर्धी जागा आता न्यूझीलंड, फिजी, सॉलोमन बेटं, वानुआतू, ताहिती यांच्यात लढली जाणार, म्हणजे या कॅटेगरीची गरज वाढणार. आणि या संघांना खेळता येत नाही असं कुणी समजू नये: २००४ साली ॲडलेडमध्ये ओशिनियाच्या स्पर्धेत सॉलोमन बेटांनी ऑस्ट्रेलियाला २–२ असं रोखलं होतं. त्याच स्पर्धेत वानुआतूने न्यूझीलंडला ४–२ हरवलं, आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या अंतिम लढतीत न्यूझीलंडऐवजी सॉलोमन बेटं खेळली. ज्यांना फुटबॉलनेच पूर्ण सदस्य मानलंय त्यांना ‘इतर’ म्हणणं म्हणजे वाचकाला चुकीची माहिती देणं, असं मी त्यात लिहिलं. अजूनही माझं मत तेच आहे.

नुसत्या युक्तिवादाने कॅटेगरी भरत नाही, म्हणून उरलेला दिवस मी साइट शोधण्यात घालवला. संघटनांच्या अधिकृत साइट कमी, असलेल्या बऱ्याच बंद पडलेल्या. चाहत्यांनी हौसेने चालवलेली पानं मात्र सापडत गेली: कुठे एका बेटाच्या लीगचे शनिवारचे निकाल, कुठे परदेशी राहणाऱ्या एखाद्याने जपलेल्या जुन्या संघांच्या याद्या. आरएसएसएसएफ ही स्वयंसेवकांची संस्था १९९४ पासून जगभरातले निकाल आणि गुणतक्ते जमवते. तिच्याकडे पॅसिफिकमधल्या लहान लीगचीही पानं होती. एका साइटची एकच नोंद हा आमचा नियम. पण ज्या देशाबद्दल दुसरीकडे काहीच मिळत नाही त्याच्यासाठी आतल्या पानाची स्वतंत्र नोंद करायला सवलत होती, आणि ती मी पुरेपूर वापरली. ताहितीसाठी फ्रेंच साइट मिळाल्या, त्यांची वर्णनं एका फ्रेंच जाणणाऱ्या संपादिकेने तपासून दिली. किरिबातीची संघटना फिफाची सदस्य नाही, म्हणून तिच्या कॅटेगरीत तसं स्पष्ट लिहिलं. ती काढून टाकली नाही.

संध्याकाळी त्या संपादकाचं उत्तर आलं. त्याने आपली सूचना मागे घेतली, पण एक अट घातली: कॅटेगरीच्या वर चार ओळींत महासंघ म्हणजे काय आणि ऑस्ट्रेलिया इथे का नाही हे लिहायचं, म्हणजे वाचक गोंधळणार नाही. अट योग्यच होती. मी सदस्यांची नावं, स्थापनेचं साल आणि १ जानेवारी २००६ ही तारीख घातली, आणि ऑस्ट्रेलियाच्या नव्या जागेची लिंक दिली. पुढे न्यूझीलंड २०१० च्या विश्वचषकात इटलीशी १–१ बरोबरी करून एकही सामना न हरता परतला, २०१२ साली ताहिती ओशिनियाचा विजेता झाला आणि २०२६ च्या विश्वचषकात ओशिनियाला पहिल्यांदा हक्काची पूर्ण जागा मिळाली, तेव्हा प्रत्येक वेळी मला ती दुपार आठवली.

रांगेत शेवटचं पत्र होतं न्यूझीलंडमधल्या एका चाहत्याचं. तो न्यूझीलंड नाइट्स या ऑकलंडच्या क्लबचं पान चालवायचा. क्लब न्यूझीलंडचा, खेळायचा ऑस्ट्रेलियाच्या ए-लीगमध्ये. त्याचं पान लीगबरोबर आशियात गेलेलं पाहून तो चिडला होता: आम्ही ओशिनियाचे आहोत, आम्हाला विचारलं का? मी त्याला आमची पद्धत समजावली. देश लागतो त्याच्या सदस्यत्वाप्रमाणे, क्लब लागतो तो दर आठवड्याला ज्या लीगमध्ये खेळतो तिच्याप्रमाणे, कारण गुणतक्ता शोधणारा वाचक तिथेच येतो. कार्डिफ, स्वान्सी आणि रेक्सहॅम हे वेल्समधले क्लब इंग्लंडच्या लीगमध्ये सापडतात, लिश्टेनश्टाइनचा वादुझ स्वित्झर्लंडच्या. मात्र त्याच्या देशाच्या कॅटेगरीतून क्लबकडे जाणारी लिंक असायलाच हवी होती, ती मी लगेच टाकली. त्याने पुढचा प्रश्न विचारला: मग आम्ही ए-लीग जिंकलो तर आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळू का? मी लिहिलं, नाही. तुमची राष्ट्रीय संघटना ओशिनियात आहे, आणि आशियाच्या स्पर्धेचा रस्ता आशियाच्या सदस्य संघटनेतून जातो.

नाइट्स क्लब २००७ साली बंद झाला, त्याची जागा वेलिंग्टन फीनिक्सने घेतली. २०२४ साली ऑकलंड एफसी लीगमध्ये आला आणि पहिल्याच मोसमात गुणतक्त्यात अव्वल ठरला, पण आशियाच्या चॅम्पियन्स लीगचं दार त्यालाही बंदच राहिलं.