डेल्फ्ट आणि रॉटरडॅम एका दिवसात: एकाच पाण्यावरची दोन गावं

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. लहानपणी शाळेत जाताना डच वखारीच्या पडक्या भिंती रोज दिसायच्या. डच म्हणजे कोण, ते इथे कशाला आले, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. यंदा लेकीकडे ॲमस्टरडॅमजवळच्या ॲमस्टेलफेनला दोन महिने राहायला गेलो, तेव्हा जावयाने एक दिवसाच्या दोन-तीन सहलींची माहिती दाखवली. त्यातल्या एकीत डेल्फ्टचं नाव वाचलं आणि मी म्हटलं, हीच करायची. डच ईस्ट इंडिया कंपनी 1602 साली निघाली तेव्हा तिच्या सहा शाखा होत्या, त्यातली एक डेल्फ्टची आणि एक रॉटरडॅमची. याच कंपनीने 1637 मध्ये विजापूरच्या आदिलशाहीकडून परवानगी घेऊन आमच्या वेंगुर्ल्याला वखार घातली.

सहल गाइडसह होती. सकाळी साडेआठला ॲमस्टरडॅमच्या मुख्य स्टेशनजवळून बस, आधी डेल्फ्ट, दुपारनंतर रॉटरडॅम, संध्याकाळी परत. काही सहलींत हा क्रम उलटा असतो. निवडता आला तर डेल्फ्ट आधी असलेलीच घ्या. सकाळी नऊ-साडेनऊला कालव्याकाठी माणसं नसतात आणि पाण्यात घरांचं प्रतिबिंब पडलेलं असतं. शिवाय जुनं गाव डोळ्यांत भरून घेतलं असेल, तरच रॉटरडॅमला काय गेलं ते कळतं.

डेल्फ्ट हे नावच खणण्यावरून पडलं आहे. सगळ्यात जुना कालवा 'आउडे डेल्फ्ट', म्हणजे जुना खणलेला. तो साधारण नऊशे वर्षांपूर्वीचा. दोन्ही बाजूंना लिंडनची झाडं, मध्ये संथ हिरवं पाणी आणि दर शंभर पावलांवर एक छोटा कमानदार पूल. आमच्या कोकणातल्या साकवाची आठवण यावी इतका छोटा, फक्त विटांचा. कालव्याला बहुतेक ठिकाणी कठडा नाही, त्यामुळे लहान मुलं बरोबर असतील तर हात सोडू नका. रस्ता गोट्यांचा आहे. माझा गुडघा दुखरा, म्हणून मी जाड तळव्याचे बूट घातले होते. गटातल्या एका बाई सपाट चपला घालून आल्या होत्या, त्या अकरा वाजताच बाकावर बसल्या.

याच कालव्याकाठी एक काळपट दगडी दर्शनी भिंत आहे आणि तिच्यावर रंगीत ढालींची चिन्हं. हे डेल्फलंड पाणी मंडळाचं कार्यालय. इमारत 1505 च्या सुमाराची, मंडळ त्याहून कितीतरी जुनं, 1289 पासूनचं. समुद्रसपाटीखालच्या या मुलखात कुठलं पाणी कधी उपसायचं, बांध कुणी राखायचा, हे ठरवणारी मंडळी अजून त्याच नावाने काम करतात. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. आपल्याकडे नदीकाठच्या गावाला सातशे वर्षं टिकलेलं एखादं पाणी मंडळ असतं तर, असं मनात येत राहिलं. गाइडबाई पुढे गेल्या होत्या. त्यांचं या इमारतीवर एकच वाक्य झालं, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

पुढे जुनं चर्च. त्याचा 75 मीटरचा मनोरा जवळजवळ दोन मीटर कलला आहे. कालव्याच्या बाजूची भुसभुशीत जमीन बांधकाम चालू असतानाच खचू लागली होती, तरी बांधणाऱ्यांनी वरचा भाग सरळ करायचा प्रयत्न करत काम पुरं केलं. पुलावर उभं राहून खालून वर पाहिलं की मधला बाक नीट दिसतो. आत चित्रकार फर्मेर आणि सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा जिवाणू पाहणारा लेवेनहूक यांच्या कबरी आहेत. दोघंही 1632 साली याच गावात जन्मलेले. लेवेनहूक कापडाचा व्यापारी होता, कापडाचे धागे तपासायच्या भिंगापासून त्याची सुरुवात झाली असं म्हणतात.

एक तक्रार इथे नोंदवते. सहलीच्या जाहिरातीत चर्चचं नाव होतं, त्यामुळे आम्ही धरून चाललो की प्रवेश त्यातच आहे. प्रत्यक्षात ते फक्त बाहेरून दाखवतात. जुनं आणि नवं अशा दोन्ही चर्चचं एकत्र तिकीट मिळतं, ते आम्ही मोकळ्या वेळात स्वतः काढलं. तुम्हीही आरक्षणाआधी 'आत नेणार की बाहेरून?' हे लेखी विचारून घ्या. आणि रविवारी जाऊ नका, त्या दिवशी प्रार्थना असते, पर्यटकांना आत सोडत नाहीत. फर्मेरची मूळ चित्रं पाहायला मिळतील या आशेवरही जाऊ नका. त्याच्या गावात त्याचं एकही मूळ चित्र नाही. 'डेल्फ्टचं दृश्य' आणि मोत्याच्या डुलाची मुलगी हेगच्या माउरित्सहाउसमध्ये आहेत, दूध ओतणारी बाई ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये.

नवं चर्च बाजारचौकात आहे. नाव नवं, पण तेही पाचशे वर्षांहून जुनं. मनोरा 108 मीटरच्या वर, पायऱ्या 376. हे चढले, मी खाली थांबले. वर वारा फार, जिना अरुंद आणि गोल, चढणारे-उतरणारे एकमेकांना अंग चोरून वाट देतात. साठी उलटलेल्यांनी विचार करूनच पाय टाकावा. आत विल्यम ऑफ ऑरेंजची समाधी आहे. स्पेनच्या राजाविरुद्ध डच लोकांचा लढा उभारणारा हा माणूस, 10 जुलै 1584 ला याच गावात त्याच्या राहत्या जागी गोळी घालून मारला गेला. संगमरवरी पुतळ्याच्या पायाशी त्याचा कुत्रा बसलेला आहे. हत्या झाली तो प्रिन्सेनहॉफ वाडा आम्ही गेलो तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होता, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.

दिवसभरात माझा जीव सगळ्यात जास्त रमला तो मात्र निळ्या चिनी मातीच्या कारखान्यात. 1653 पासून चालू असलेला हा एकच कारखाना त्या काळातला उरला आहे. कंपनीची जहाजं चीनहून निळी-पांढरी भांडी आणत. सतराव्या शतकाच्या मध्याला चीनमध्ये मिंग घराणं कोसळलं, माल येईना, तेव्हा डेल्फ्टच्या कुंभारांनी तशी भांडी इथल्या मातीत करायला घेतली. आत एक बाई थाळीवर काम करत होत्या. नक्षीचा कागद, त्यावर टाचणीने पाडलेली बारीक भोकं, त्यावरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी हलकेच थोपटायची की खाली ठिपके उमटतात. मी ह्यांना म्हटलं, "अहो, हा तर आपला रांगोळीचा कागद!" माझी आजी उदबत्तीने भोकं पाडून असाच कागद करायची. त्या ठिपक्यांवर बाई कुंचल्याने रंग भरत होत्या आणि रंग चक्क काळा. भट्टीतून निघाल्यावर कोबाल्टचा तो काळा निळा होतो. म्हणजे किती गडद, किती फिका, हे रंगवणाऱ्याला मनातच पाहावं लागतं. पाण्याचं प्रमाण थोडं बदललं की छटा बदलते. त्यांचा हात एकदाही थांबला नाही.

खरेदी करायची असेल तर इतकं पाहा: हाताने रंगवलेल्या वस्तूच्या तळाशी कारखान्याचं चिन्ह आणि रंगवणाऱ्याची आद्याक्षरं असतात, आणि किंमत चांगलीच चढी असते. चौकातल्या दुकानांत स्वस्तात मिळतात त्या फरशा बहुतेक छापील. भेटवस्तू म्हणून त्या छानच आहेत, फक्त हातकामाचे पैसे देऊन घेऊ नका. मी एकच छोटी हाताने रंगवलेली फरशी घेतली, गलबताची.

आम्ही गुरुवारी गेलो होतो. डेल्फ्टच्या चौकात गुरुवारी आठवडी बाजार भरतो: चीज, फुलं, मासे, ताजे गरम स्ट्रोपवाफल, म्हणजे मध्ये पाक भरलेली पातळ बिस्किटं. बाजार पाहायला मजा येते, पण चौकाचा मोकळा फोटो मिळत नाही. रॉटरडॅममध्ये ब्लाक या भागातला मोठा बाजार मंगळवारी आणि शनिवारी असतो. म्हणजे दोन्ही बाजार एका दिवसात जमत नाहीत, कुठला हवा ते ठरवून वार निवडा.

बसने अर्ध्या तासात रॉटरडॅम. गाडीत गाइडबाईंनी जे सांगितलं त्याने मला ही दोन गावं एका दिवसात का पाहायची ते कळलं. डेल्फ्टही जळालेलं गाव आहे. 1536 च्या आगीत गावाचा मोठा भाग राख झाला. पुन्हा 1654 मध्ये दारूगोळ्याचं कोठार उडालं, शंभराहून जास्त माणसं गेली. दोन्ही वेळा गाव पुन्हा त्याच जुन्या कालव्यांवर उभं राहिलं. रॉटरडॅमवर 14 मे 1940 ला जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. हल्ला पंधरा मिनिटांच्या आतला, नंतर आग पसरत गेली, जवळजवळ ऐंशी हजार माणसं बेघर झाली. आणि या शहराने जुनं परत उभं करायचं नाही असं ठरवलं.

ब्लाकला उतरलो. समोर कलते पिवळे घन, वास्तुकार पीट ब्लोमची 1984 मध्ये पुरी झालेली घरं. प्रत्येक घर 54.7 अंशांत तिरकं, खांबावर उभं. त्यातलं एक तिकीट काढून आतून पाहता येतं. जिना खडा आहे, पण दहा मिनिटं काढून बघाच. भिंती तिरक्या असल्या की कपाट कुठे ठेवायचं, पलंग कसा बसवायचा, हे तिथल्या माणसांनी कसं सोडवलंय ते पाहण्यासारखं आहे. समोर 2014 मध्ये उघडलेला मार्कटहाल, घोड्याच्या नालेच्या आकाराची प्रचंड कमान. कमानीत 228 सदनिका, कमानीखाली मंडई, आणि छतभर फळं-भाज्या-फुलांचं चित्र. आतलं खाणं महाग आहे. चित्र पाहा, स्वच्छतागृह वापरा (पैसे पडतात, कार्ड चालतं) आणि तळघराकडे जाणाऱ्या सरकत्या जिन्यावर नक्की जा. पाया खणताना सापडलेल्या जुन्या वस्तीच्या चीजवस्तू तिथे थरांप्रमाणे मांडल्या आहेत.

मला हलवून गेली ती मात्र एक छोटी गोष्ट. फुटपाथमध्ये जागोजागी लाल दिव्याच्या गोल चकत्या बसवल्या आहेत. आग कुठपर्यंत आली होती त्याची ती सीमा. एका चकतीच्या अलीकडे उभं राहिलं की एका बाजूला जुन्या विटांची घरं, दुसऱ्या बाजूला फक्त काच आणि काँक्रीट. आणि आम्ही उतरलो तो ब्लाक? तिथे पूर्वी पाणी होतं. पडलेल्या घरांचा ढिगारा त्यात लोटून ते बुजवलं. सकाळी डेल्फ्टमध्ये पाण्यात घरांचं प्रतिबिंब पाहिलं होतं, आणि इथे पाण्याच्या जागी घरांची माती होती.

यापुढे बस इरास्मस पुलावरून चक्कर मारून परत जाणार होती. पूल सुंदर आहे, पण तो काचेतून पाहण्यापेक्षा पायी गेलेलं बरं. आम्ही गाइडबाईंना सांगून तिथेच गट सोडला. तुम्हाला हे करायचं असेल तर सकाळीच सांगून ठेवा, म्हणजे ते तुमच्यासाठी ताटकळत नाहीत. परतीची अडचण नसते, रॉटरडॅमहून ॲमस्टरडॅमकडे ट्रेन सारख्या असतात. स्टेशनच्या यंत्रावर बँकेचं कार्ड चढताना आणि उतरताना टेकवायचं. दोघांनी एकच कार्ड चालत नाही, प्रत्येकाचं वेगळं हवं. उतरताना टेकवायला विसरलात तर जास्त पैसे कापले जातात.

भूक लागली होती. मुख्य स्टेशनजवळच्या वेस्ट-क्राउसकाडे रस्त्यावर सुरिनामी लोकांची खानावळवजा दुकानं आहेत. 1873 पासून आपल्याकडच्या मजुरांना कलकत्त्याहून जहाजाने सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत नेलं, त्यांची पुढची पिढी नंतर हॉलंडला आली. ताटात रोटी, बटाट्याची भाजी आणि चवळीच्या शेंगा. रोटीत वाटाण्याच्या डाळीचं कोरडं सारण, जणू तिखटमिठाची पुरणपोळी. शाकाहारी असाल तर आधीच सांगा, एरवी कोंबडी किंवा अंडं येतं. दिवसभर ब्रेड-चीज खाल्ल्यावर ते जेवण फार गोड लागलं.

मग मेट्रोने डेल्फ्सहाव्हन. ब्लाकहून तर थेट मेट्रो आहे. नावाचा अर्थ डेल्फ्टचं बंदर. डेल्फ्टला समुद्राकडे जाणारी स्वतःची वाट हवी होती, म्हणून 1389 मध्ये त्यांनी मास नदीपर्यंत कालवा खणला आणि त्याच्या तोंडाशी हे बंदर वसवलं. 1886 मध्ये ते रॉटरडॅममध्ये गेलं. बॉम्बच्या आगीतून हा कोपरा वाचला. जुनी गोदामं, उभारलेली शिडाची होडी, पवनचक्की, आणि तेच हिरवं संथ पाणी. बहुतेक सहली इथे थांबत नाहीत. मला विचाराल तर सकाळ आणि दुपार जोडणारा दुवा हाच आहे, तासभर तरी द्या.

कंपनीच्या डेल्फ्ट शाखेचा जहाजबांधणीचा धक्का इथेच होता. आम्ही पुलावर उभे राहिलो. वारा सुटला होता आणि बारीक पाऊस. तिकडे छत्री उलटी होते, टोपीचा रेनकोटच न्या. मी पाण्याचा फोटो काढून वेंगुर्ल्याला भावाला पाठवला आणि लिहिलं, वखारवाले इथून निघायचे. तिकडे रात्रीचे दहा वाजले होते, तरी त्याचं उत्तर लगेच आलं: मे महिन्यात काढलेला वखारीचा फोटो, भिंतीतून खाली उतरलेली मुळं, आणि खाली दोन शब्द, "अजून आसा."